लंकाबाईचं थँक्यू

आधी एक गोष्ट साफ सांगते. मी ओरडत नाय. माझा आवाजच तसा हाय. देवानं एखाद्याला उंची दिली, एखाद्याला रूप दिलं, मला गळा दिला. तो मी काय पेटीत घालून ठेवू?

अन् पिंपळगाव बसवंतला आमच्या द्राक्षाच्या पॅकहाउसात बिनआवाजाचं माणूस काय कामाचं? एका अंगाला कोल्ड रूमचे पंखे घोंघावू राहिलेले, दुसऱ्या अंगाला क्रेटची आदळआपट, अन् भिंतीपलीकडं हायवे. मधी लांबच्या लांब टेबलं. टेबलांच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर टोप्या घातलेल्या बाया, हातात बारक्या कात्र्या. मळ्यातून आलेला घड उचलायचा, सडका-चिरका मणी कात्रीनं काढायचा, देठ हिरवा हाय का बघायचं, अन् प्लास्टिकच्या डबीत तो घड बाळासारखा निजवायचा. ही डबी बोटीनं परदेशी जाते. एक चिरका मणी आत राहिला, की तिकडं पोचेस्तोवर सगळ्या डबीचा चिखल. म्हणून लाइनीवर मुकादम लागते. ती मी, लंकाबाई.

माझे डोळे बायांच्या हातावर अन् तोंड त्यांच्या कानाशी. "ए भवाने, तो मणी काय नवऱ्याला राखून ठेवला का?" "मीने, हात चालव, का मेंदी लावून आलीस?" "मुडदा बशिवला तुझा, देठाला धर की!" बाया खुदकन हसतात, चुकलेली डबी माघारी ओढतात, काम पुढं सरकतं. कुणाला राग नाय, लोभ नाय. रविराजच्या बापाच्या काळापासून असंच चालू हाय.

रविराज म्हणजे आमचा आताचा मालक. मी त्याला चड्डीत पाह्यलेला, म्हणून तो मला मावशी म्हणतो. मार्च सरत आला होता, माल कमी व्हायला लागला होता, तेव्हा एक दिवस त्यानं मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला. मी मनात म्हटलं, लंके, काहीतरी वाईट हाय. खुर्ची अन् चहा एकदम मिळत नाय.

"मावशी, शनिवारी तपासणीच्या मॅडम येणार आहेत," तो म्हणाला. "माल घेणाऱ्या कंपनीकडून. इथं कामगारांना नीट वागवतात का, ते बघायला."

"मग येऊ दे की. गेल्या सालीबी आल्या होत्या."

"गेल्या साली त्यांनी लिहून दिलंय, सुपरवायझर कामगारांवर ओरडते."

"कोण सुपरवायझर?" मी विचारलं.

तो माझ्याकडं बघत बसला.

"मी ओरडत नाय!" मी म्हटलं. टेबलावरचा कप थरथरला. बाहेर एक पोरगी क्रेट घेऊन चालली होती, ती जागच्या जागी थांबली.

"मावशी," रविराज हळूच म्हणाला, "यंदा पुन्हा तेच लिहिलं, तर आपलं नाव त्यांच्या यादीतून जाईल. मग मला तुम्हाला लाइनीवर ठेवता येणार नाही. शाल-श्रीफळ देऊन मानानं..."

शाल-श्रीफळ! मला! मला असा राग आला, की त्याला त्याच्या चड्डीसकट आठवण करून द्यावी. पण त्याचंबी तोंड उतरलं होतं, हे मला दिसलं. मी चहा तसाच ठेवून उठले. घरी जाऊन मी काय करू? भिंतीशी बोलू? रोहितचे वडील, म्हणजे माझे घरधनी, ते सकाळी मळ्यात जातात ते दिवेलागणीला येतात. पोरगा रोहित अन् सून नाशकात. त्या टेबलांमधून मी चालते, तेव्हा मला वाटतं, आपण कुणीतरी हाय. लाइन सुटली तर माझ्यातलं काय उरंल? मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

रविराज मागं आला. "मावशी, मॅडम बंगळूरच्या आहेत. त्यांना मराठी येत नाही. तुम्ही काय बोलता ते त्यांना कळत नाही, तुमचा आवाज फक्त कळतो. तर इंग्लिशमधले चार गोड शब्द शिका. प्लीज, थँक्यू, सॉरी. ते त्यांच्या कानावर पडले, की काम झालं. अन् आवाज... जरा..." त्यानं हातानं रेडिओचं बटण पिरगाळल्यागत केलं.

आता इंग्लिश शिकवायला घरचीच मास्तरीण हाय. आमची सून उज्वला. इंदिरानगरला राहते अन् फ्लॅटच्या हॉलमधी बायांना बोलायचं इंग्लिश शिकवते. सुट्टीच्या दिवशी मी बस धरली अन् गेले. तिला सगळं सांगितलं. पोरगी गुणाची, हसली नाय. खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली, मला म्हणाली, "आई, बसा. सुरुवात प्लीजपासून. प्लीज म्हणजे कृपया."

"कृपया हे बसस्टँडच्या भोंग्यात म्हणतात. कृपया इकडे लक्ष द्या. माणसं कधी म्हणतात?"

"म्हणूनच प्लीज घ्यायचं. हुकूम वाटू नये, विनंती वाटावी, असं जेव्हा वाटतं तेव्हा."

"सडका मणी काढायला मी विनंती करू? त्या मण्याची?"

"मणी काढणारीची, आई."

मग आलं सॉरी. चुकलं तर सॉरी, धक्का लागला तर सॉरी, ऐकू आलं नाय तर सॉरी, कुणाच्या घरी दुःख झालं तरी सॉरी. मी म्हटलं, "उज्वला, हा शब्द म्हणजे बटाटा हाय गं. कशातबी घाला." ती इतकी हसली, की खडू खाली पडला. मग एक्सक्यूज मी. कुणाला वाट मागायची असली, कुणाच्या बोलण्यात तोंड घालायचं असलं, तर हे. आम्ही तिथं ‘सरक’ म्हणतो अन् माणूस सरकतं. पण असो, शिकले. वेल डन मात्र मला आवडलं. वेल डन म्हणजे शाब्बास. ते म्हणायला जीभ अडत नाय.

"आता थँक्यू," उज्वला म्हणाली. "हा सगळ्यात मोठा शब्द. हा फेकायचा नाही. समोरच्याचं नाव घ्यायचं, डोळ्यांत बघायचं, आणि मनापासून म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, की माझ्या कामाची कुणीतरी दखल घेतली."

हे मी गाठीला बांधलं. अन् तिथंच माझा घात झाला, पण ते पुढं सांगते.

घरी येऊन मी रोहितच्या वडलांवर पहिला प्रयोग केला. ताट वाढलं अन् आवाज बारीक करून म्हटलं, "प्लीज, जेवायला बसा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उठले. उलटा हात माझ्या कपाळाला लावला. "ताप तर नाय," म्हणाले.

"ताप कशाला येईल? जेवा की. थँक्यू."

"लंका, खरं सांग, काय लपवू राहिलीस? रोहितचं काय झालं का?"

शेवटी मी ओरडले, तेव्हा कुठं त्यांनी भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी लाइनीवर तर कहर झाला. मीना नावाची एक पोरगी हाय, सुरगाण्याकडच्या पाड्यावरची. डोंगराकडून दर हंगामाला बायांची एक टोळी येते, झुंबरबाई त्यांची म्होरकी, तिच्यासंगती ही मीना. हात तिचा सोन्याचा, पण लक्ष कावळ्याचं, इकडं-तिकडं. मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले, वाकले, अन् लोण्यागत आवाजात म्हटलं, "मीना, प्लीज, देठ बघ."

मीनाच्या हातातली कात्री खणकन खाली पडली. तोंड पांढरं. "बाई, कोण गेलं?" ती म्हणाली. "माझी आई का?"

"अगं, नाय गं..."

"मग तुमी अशा हळू का बोलता? कुणाचा फोन आला?"

तिचंबी बरोबर होतं. आमच्याकडं कुणी पूर्ण नाव घेऊन हळू आवाजात बोलायला लागलं, की समजायचं, सांगायला जड अशी बातमी हाय. मी गडबडले. उज्वलानं शिकवलेलं आठवलं, चुकलं की सॉरी. म्हटलं, "सॉरी, मीना. सॉरी, सॉरी."

झालं! मीनानं हंबरडाच फोडला. टीव्हीत डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतनं बाहेर येतो, तोंडावरचं फडकं खाली ओढतो अन् हाच शब्द बोलतो, मग बाया रडतात. मीनाला सॉरीचा तेवढाच एक उपयोग माहीत. सगळी लाइन थांबली. बाया गोळा झाल्या. शेवटी पाड्यावर फोन लावला, तिच्या आईनंच उचलला, म्हणाली, मी शेळ्यांमागं हाय, कशाला फोन केला? तेव्हा मीना शांत झाली. सविता म्हणून आमच्या गावातलीच एक तोंडाळ बाई हाय, ती म्हणाली, "बाई, तुम्ही शिव्याच द्या. गोड बोलून जीव घेऊ नका."

आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी, अशी माझी गत. जीभ दातांखाली दाबून मी टेबलांमधून फिरायचे. कुणाचा हात चुकला, की पोटातून ‘भवाने’ वर यायचं, ते मी गिळायचे अन् ‘प्लीज’ काढायचे. रात्री गळा दुखायचा. ओरडून कधी दुखला नव्हता, गप्प बसून दुखला. पण हळूहळू बाया सरावल्या. सविता तर क्रेट ओढतानाबी ‘एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी’ करत कंबर हलवायला लागली, अन् सगळ्या खिदळायच्या. रविराज काचेतनं बघायचा अन् अंगठा वर करायचा. मला वाटलं, जमलं बुवा.

शुक्रवारी संध्याकाळी काम सुटलं. उद्या मॅडम येणार. दिवसभर माल कमी होता, डोंगरावरच्या बाया आपल्या टेबलापाशी हात धुवू राहिल्या होत्या. माझ्या मनात आलं, प्लीज झालं, सॉरी झालं, तो सगळ्यात मोठा शब्द मात्र आपण अजून नीट वापरला नाय. अन् खरंच, या बाया किती राबतात! घरदार डोंगरात सोडून येतात, खोलीत दाटीवाटीनं राहतात, अन् कधी कुरकुर नाय. मला भरून आलं. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. झुंबरबाईसमोर उभी राहिले, डोळ्यांत बघितलं, हात जोडले अन् म्हटलं, "झुंबरबाई, थँक्यू." मग मीना. मग एकेकीचं नाव घेऊन, एकेकीला हात जोडून, सगळ्या टेबलाला थँक्यू म्हटलं. आवाज जरासा कापलाबी.

झुंबरबाईनं पदर सारखा केला, मलाबी वाकून हात जोडले. मी मनात म्हटलं, बघा, काळजाला भिडलं. उज्वला खरंच हुशार हाय.

सकाळी मी पॅकहाउसच्या दारात पाय ठेवते न ठेवते, तोच सविता पळत आली. "बाई, डोंगरावरच्या बाया गेल्या! खोल्या मोकळ्या! बोचकीबी नायत!"

"गेल्या? कुठं गेल्या?"

"घरी! कुठं म्हणजे? काल तुम्हीच त्यांचं आभारप्रदर्शन केलं ना?"

माझ्या डोक्यात तेव्हा टाळकन उजेड पडला. हात जोडून, नावानिशी आभार! आपल्याकडं कुठलाबी कार्यक्रम घ्या, शाळेचा, ग्रामपंचायतीचा, लग्नाचा. आभारप्रदर्शन कधी असतं? सगळ्यात शेवटी. आभार मानले, की लोक उठतात अन् सतरंज्या गुंडाळतात. त्या बिचाऱ्यांना वाटलं, हंगाम सरला, बाईनं मानानं निरोप दिला. करायला गेले गणपती अन् झाला मारुती!

तिकडं गाड्या माल घेऊन लागल्या होत्या. रविराज मॅडमना आणायला पहाटेच नाशकाला गेला होता. अर्धी टेबलं मोकळी, अन् तासाभरात मॅडम दारात. सविताची स्कुटी होती, मागं बसले अन् म्हटलं, "हाण वणीच्या फाट्यावर. सुरगाण्याची जीप तिथनंच सुटते."

फाट्यावर पोचलो तर लखनची जीप भरायला लागलेली. लखन टपावर चढून बोचकी बांधू राहिलेला, अन् खाली झुंबरबाई, मीना, सगळ्या नव्या लुगड्यांत, नटूनथटून. मी स्कुटीवरून उतरले, पळत गेले. पण मनात भीती, की आता जर आवाज चढवला तर सवय मोडंल. म्हणून धाप टाकत, बारीक आवाजात म्हटलं, "झुंबरबाई, एक्सक्यूज मी. सॉरी. प्लीज..."

झुंबरबाईनं माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. "बाई, फाट्यावर कशाला आल्या निरोप द्याया? काल हात जोडले, तेवढं लय झालं. आमाला कुणी असं मानानं घालवलं नव्हतं."

"नाय, नाय, प्लीज..."

"पुढल्या साली येऊ, बाई. जिते रायलो तर येऊ."

मीना रडू राहिली. एकेक करून सगळ्या जीपमधी चढल्या. लखननं टपावरून उडी मारली, आत बसला, गाडी चालू केली. तेव्हा माझ्या पोटात आठ दिवसांचं दाबून ठेवलेलं जे काही होतं ना, ते उसळून वर आलं.

"अगं ए भवान्यांनो!" मी कडाडले. फाट्यावरचा चहावाला दचकला. "कुणी सांगितलं गं तुम्हाला माल सरला? गाड्या उभ्या हायत तिकडं अन् तुम्ही इथं लुगडी नेसून बसल्यात, का कुणाचं बारसं हाय? झुंबरबाई, उतरा! मीने, ते बोचकं खाली घे, नायतर बोचक्यासकट कोल्ड रूममधी कोंडीन! लखन, गाडी बंद कर, तुझ्या चाकाची हवा सोडते थांब! मुडदे बशिवले तुमचे, तुमच्याबिगर माझी लाइन चालंल का? तुमच्याबिगर मी तिथं काय भिंतीवर बोंबलू?"

मीनाच्या तोंडातनं हसू फुटलं. "अगं, बाई बऱ्या झाल्या!" ती ओरडली. "बाई बऱ्या झाल्या गं!"

अन् काय विचारता! बाया टणाटण खाली उतरल्या. लखनला शिव्या देत बोचकी ओढली. झुंबरबाई पोट धरधरून हसू राहिली. "असं सांगायचं की वं बाई पयल्यांदीच," ती म्हणाली. "आमी समजलो, तुमी आमाला सोडलं."

मी हसत मागं वळले, अन् हसू तिथंच गोठलं. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती. काच खाली. पुढं रविराज, उकडलेल्या वांग्यागत. मागं एक चष्मेवाल्या मॅडम अन् त्यांच्याशेजारी एक तरुण पोरगी. मॅडम माझ्याकडं बघू राहिल्या होत्या. मी म्हटलं, लंके, संपलं. आता घे नारळ.

त्या दिवशी लाइन झकास चालली, पण माझं निम्मं लक्ष मॅडमकडंच. मॅडमनी सगळं बघितलं, पिण्याचं पाणी, संडास, हातमोजे, औषधाची पेटी. मग त्यांनी डोंगरावरच्या बायांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. संगती ती पोरगी, सायली, नाशकाचीच, मराठीचं इंग्लिश करायला आणलेली. मुकादमानं तिथं थांबायचं नाय असा नियम. मी लांब कोल्ड रूमच्या दारापाशी उभी. मधी काच. आवाज येत नाय, नुसती तोंडं दिसतात.

मला दिसलं, मॅडम काही विचारू राहिल्या. झुंबरबाई उठली. कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली, अन् बोट नाचवत काहीतरी बोलायला लागली. अरे देवा, ती मीच होते! माझी नक्कल! बाया एकमेकींच्या अंगावर पडू राहिल्या. मला राग आला, मग भीती वाटली, मग कळेना काय वाटावं. मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. हसतात का चिडतात, काचेतनं कळायला मार्ग नव्हता.

मग मला आत बोलावलं. बाया बाहेर गेल्या. रविराजबी येऊन कोपऱ्यात उभा राहिला.

सायली घसा खाकरून म्हणाली, "मावशी, मॅडमना तुमच्या शब्दांचे अर्थ हवे आहेत. मी भवानी म्हणजे देवी असं सांगितलं. चालेल?"

"चालंल काय, पळंल," मी म्हटलं. "पण सगळ्यांना नाय म्हणत मी. कामाची अन् हट्टी असंल, तिलाच भवानी. आळशी असंल तिला मी नुसती बघते, बोलत नाय."

सायलीनं ते सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. मला मौज वाटली. आठ दिवस मी त्यांचे शब्द पाठ करत होते, आता त्या माझे करू राहिल्या होत्या. मग सायली लाल झाली. "आणि ते... मुडदा?"

मी सांगितलं, ते काय खरं नसतं, तोंडची सवय हाय. मॅडमनी पेन खाली ठेवलं अन् हळू आवाजात बोलल्या. सायली म्हणाली, "मॅडम म्हणतात, ओरडणं एक वेळ समजतं, पंख्यांचा आवाज मोठा आहे. पण कुणाच्या मरणाचं बोलणं कुठल्याच भाषेत बरं नाही."

मी उसळणारच होते. पण मीनाचं ते पांढरं पडलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं, कोण गेलं विचारणारं. "खरं हाय," मी म्हटलं. "तेवढं आजपासून बंद."

मग मॅडमनी माझ्याकडंच बघून, सावकाश इंग्लिशमधी विचारलं, "डू यू शाउट?"

हे मला कळलं. कोपऱ्यात रविराज जोरजोरात मान हलवू राहिला, नाही म्हणा, नाही म्हणा. माझ्याकडं सगळे गोड शब्द तयार होते. नुसतं ‘नो मॅडम, सॉरी मॅडम’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण फाट्यावर त्यांनी मला डोळ्यांनी पाह्यलेलं, अन् खोटं बोलून राखलेली जागा मला कशाला पायजे?

"येस, मॅडम," मी म्हटलं. "आय शाउट. प्लीज."

ते प्लीज कशाला लावलं, मलाच ठाऊक नाय. मॅडम खळखळून हसल्या. मग सायलीशी बराच वेळ बोलल्या. सायली माझ्याकडं वळली. "मावशी, नियमाप्रमाणे मॅडमनी बायांना विचारलं, सुपरवायझरविरुद्ध काही तक्रार आहे का. तर एक तक्रार आहे. सगळ्यांनी मिळून केली आहे."

रविराजनं डोळे मिटले.

"काय तक्रार?"

"काल संध्याकाळी बाईंनी आम्हाला थँक्यू म्हटलं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाय. सायली पुढं सांगू लागली. "झुंबरबाई म्हणाल्या, थँक्यू पाहुण्याला म्हणतात. जेवला, हात धुतला, निघाला, त्याला. आम्ही काय पाहुण्या आहोत? बाई आपल्या लेकीला ओरडतात तशा आम्हाला ओरडतात. मग लेकीला कुणी थँक्यू म्हणतं का? मॅडम, तेवढं बंद करायला सांगा."

मॅडमनी कागदावर जे लिहिलं, ते सायलीनं वाचून दाखवलं. सुपरवायझरचा आवाज मोठा आहे. कामगारांना तिची भीती वाटत नाही. काही शब्द बंद करण्याचं तिनं मान्य केलं आहे. बाकी ठीक. रविराजनं असा श्वास सोडला, की जणू टायरची हवा गेली. "मावशी," तो म्हणाला, "जा, लाइन बघा."

मी लाइनीवर आले. सगळ्या कात्र्या हवेत थांबलेल्या. सगळ्या बाया माझ्याकडं बघू राहिलेल्या, काय झालं ते ऐकायला. मी टेबलांच्या मधोमध उभी राहिले, तोंड उघडलं, अन् आवाजच फुटंना. माझा आवाज! पंख्यांच्या वर जाणारा, हायवेला ऐकू जाणारा. नुसतं डोळ्यांतनं पाणी. सगळ्या लाइनीसमोर मी पोरीसारखी रडले, अन् मला त्याची लाजबी वाटली नाय.

तेव्हा झुंबरबाईनं कात्री टेबलावर ठेवली. इतक्या हंगामांत या बाईनं मला ‘बाई’ अन् ‘तुमी’ सोडून कधी हाक मारली नव्हती. तिनं कमरेवर हात ठेवला अन् खच्चून ओरडली, "अगं ए लंके! रडतीस काय, भवाने? दराक्षं सुकू राहिली! हल की!"

माहेर सुटल्यापासून मला कुणी लंके म्हटलं नव्हतं. मी पदरानं नाक पुसलं, टोपी सरळ केली, अन् हलले.